बेरियम आहार तपासणी

बेरियम आहार तपासणी : ग्रसिका (घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका), जठर व ग्रहणी (जठराला लागून असलेला लहान आतड्याचा पहिला भाग) ह्या पचनमार्गाच्या वरच्या भागांची, रुग्णास बेरियम सल्फेटाचे पांढरे, दाट निलंबन पाजून केलेली क्ष-किरण तपासणी. केवळ ग्रसिका पाहावयाची असल्यास ह्या तपासणीला ‘बेरियम स्वॉलो’ आणि जठर व ग्रहणीही पाहावयाची असल्यास ‘बेरियम मील’ म्हणतात. बोलताना रुग्ण व रुग्णालयातील सेवक नुसते ‘बेरियम’ एवढेच म्हणतात. अंतर्दर्शक (एंडोस्कोप) सर्वत्र उपलब्ध होण्यापूर्वी पोटाच्या जुनाट दुखण्याचे कारण शोधण्याचे हे प्रमुख साधन होते. आज तिचे क्षेत्र बरेच आकुंचित झाले असले, तरी काही विकारांत तिची जागा दुसऱ्या कोणत्याही तपासणीने पूर्णपणे घेतलेली नाही.

क्ष-किरण ज्या पदार्थातून जातात त्यातील मूलद्रव्यांचा अणुक्रमांक जितका मोठा व पदार्थ जितका दाट, तितके ते अधिक शोषले जातात. हाडांत कॅल्शियम व फॉस्फरस ही मूलद्रव्ये असल्याने हाडाची छाया स्पष्ट पडते. उलट जठराची भिंत, यकृत, स्नायू व रक्त ही सर्व प्रामुख्याने हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन व ऑक्सिजन ह्या हलक्या मूलद्रव्यांची बनलेली असल्यामुळे त्यांच्या छाया एकमेकींत मिसळून जातात आणि साध्या क्ष-किरण चित्रात जठराची खूण म्हणून वायूचा एक बुडबुडा तेवढा दिसतो. म्हणून पोकळ इंद्रिय पाहावयाचे तर त्याच्या पोकळीत किरण अडविणारे काही तरी भरले पाहिजे. अशा पदार्थाला येथे छायाद्रव्य म्हटले आहे. ते जड मूलद्रव्याचे असावे लागते. परंतु जड धातूंची पुष्कळ लवणे विषारी असतात. ह्या एका अडचणीभोवतीच ह्या तपासणीचा आरंभीचा इतिहास फिरतो. हे पांढरे पाणी पोटात गेल्यावर बाधणार तर नाही ना, ही जी शंका आजही रुग्णाच्या मनात येते, तीच त्या काळच्या संशोधकांचीही होती. आणि तिचे उत्तर प्रयोगशाळेत मिळण्यापूर्वी काही रुग्णांना आपल्या प्राणांनी त्याची किंमत द्यावी लागली.

इतिहास : जिवंत माणसाच्या जठरात काय चालते हे पाहण्याचा मार्ग क्ष-किरणांपूर्वी जवळजवळ नव्हता. विल्यम बोमंट (१७८५–१८५३) ह्या अमेरिकन लष्करी शल्यचिकित्सकाला तो अपघाताने सापडला. १८२२ मध्ये बंदुकीच्या जखमेमुळे पोटाला कायमचे छिद्र पडलेल्या एका तरुणाच्या जठरातील पाचकरस व अन्नाचे रूपांतर त्याने अनेक वर्षे निरीक्षिले आणि १८३३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा अपवाद वगळता जठराचा आकार व स्थान ह्यांविषयीचे ज्ञान मुख्यतः शवविच्छेदनावर आधारलेले होते.

व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन (१८४५–१९२३) ह्यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीतील वुर्ट्‌सबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर जेमतेम एका वर्षाने, डिसेंबर १८९६ मध्ये, हार्व्हर्ड वैद्यकीय महाविद्यालयात नुकताच दाखल झालेला वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन (१८७१–१९४५) हा विद्यार्थी आणि त्याचा सहाध्यायी ॲल्बर्ट मोझर ह्यांनी शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक हेन्री पिकरिंग बोडिच ह्यांच्या सूचनेवरून प्राण्यांच्या गिळण्याच्या क्रियेचा अभ्यास सुरू केला. पहिल्या प्रयोगात एका कुत्र्याला मोत्याच्या शिंपल्याची गुंडी गिळावयास लावून तिचा मार्ग अनुस्फुरक पडद्यावर (क्ष-किरण पडताच उजळणाऱ्या पडद्यावर) पाहण्यात आला. पुढे लांब मान असलेल्या हंसपक्ष्याला बिस्मथाचे लवण भरलेल्या कॅप्सुली गिळावयास दिल्या गेल्या व हे दृश्य बॉस्टन येथे शरीरक्रियावैज्ञानिकांच्या सभेत दाखविण्यात आले. गुंडी व कॅप्सूल ह्यांवरून अन्नात मिसळलेल्या बिस्मथ सबनायट्रेटापर्यंत जाणे ही पुढची स्वाभाविक पायरी होती. मांजरांना असे अन्न देऊन कॅनन ह्यांनी जठराच्या मध्यापासून निघून जठरनिर्गमाकडे (जठराच्या ग्रहणीकडील तोंडाकडे) जाणाऱ्या क्रमसंकोची लाटा तासन् तास पाहिल्या आणि १८९८ मध्ये त्यांवरील निबंध प्रसिद्ध केला.

ह्या निबंधातील एक निरीक्षण येथे मुद्दाम नमूद करण्याजोगे आहे. मांजर चिडले, घाबरले अथवा सुटण्यासाठी धडपडू लागले, की जठराच्या लाटा तत्काळ थांबत आणि त्याला चुचकारून शांत केल्यावर त्या पुन्हा सुरू होत. भावना व शरीरक्रिया ह्यांच्या संबंधावरील कॅनन ह्यांच्या पुढील आयुष्यातील प्रसिद्ध संशोधनाचा उगम ह्या साध्या निरीक्षणात आहे. व्यवहारातही त्याला महत्त्व आहे. क्ष-किरण यंत्राखाली भेदरून उभ्या राहिलेल्या माणसाचे जठरही मंदावते आणि त्याच्या जठरनिर्गमातून बेरियम पुढे सरकण्यास वेळ लागतो. तेव्हा रुग्णास तपासणीची पूर्वकल्पना देणे हा केवळ सौजन्याचा भाग नाही. चांगली चित्रे मिळण्याशीही त्याचा संबंध आहे.

हे तंत्र माणसांमध्ये पद्धतशीरपणे वापरण्याचे श्रेय म्यूनिक येथील हेर्मान रीडर (१८५८–१९३२) ह्या वैद्याकडे जाते. १९०४ मध्ये त्यांनी लापशीसारख्या अन्नात तीस-चाळीस ग्रॅम बिस्मथ सबनायट्रेट कालवून ते रुग्णांना खाऊ घातले. हा ‘रीडर आहार’ थोड्याच काळात यूरोपभर रूढ झाला. आजच्या ‘बेरियम मील’ ह्या नावातील ‘मील’ म्हणजे जेवण. प्रत्यक्षात पेलाभर पातळ पदार्थ प्यावयाचा असूनही हे नाव टिकले, ते ह्या लापशीमुळेच.

बिस्मथ सबनायट्रेट हे जठराच्या तक्रारींवरचे जुने औषध होते, म्हणून ते निर्धोक समजले जाई. परंतु औषधाची मात्रा व छायाद्रव्याची मात्रा ह्यांत मोठा फरक होता. आतड्यांतील सूक्ष्मजंतू नायट्रेटाचे रूपांतर नायट्राइटात करतात. हे नायट्राइट रक्तात शोषले गेले, की हीमोग्लोबिनाची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता नष्ट होते, रुग्ण निळा पडतो आणि विषबाधा तीव्र असल्यास दगावतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असे मृत्यू नोंदविले गेले. कारण ध्यानात आल्यावर बिस्मथाचे कार्बोनेट वापरले जाऊ लागले. पण ते महाग होते.

ह्यावरचा उपाय १९१० मध्ये बॉन येथील कार्ल बाखेम आणि हान्स ग्यूंटर ह्यांनी सुचविला. त्यांनी शिफारस केलेले बेरियम सल्फेट स्वस्त, चवहीन व दाट छाया देणारे होते. प्रथमदर्शनी ही निवड विलक्षण वाटते, कारण बेरियमाची विद्राव्य (पाण्यात विरघळणारी) लवणे बिस्मथाच्या लवणांपेक्षा कितीतरी अधिक विषारी आहेत; बेरियम कार्बोनेट उंदीर मारण्यासाठी वापरले जात असे. पण विष अंगी लागण्यासाठी ते आधी विरघळावे लागते. बेरियम सल्फेट १ लिटर पाण्यात जेमतेम २·५ मिग्रॅ. इतकेच विरघळते आणि जठरातील हायड्रोक्लोरिक अम्लातही त्याच्यात फरक पडत नाही. पचनमार्गातून ते जसेच्या तसे पुढे जाते व शौचावाटे बाहेर पडते. ग्रीक भाषेतील ‘जड’ ह्या अर्थाच्या शब्दावरून नाव पडलेले हे मूलद्रव्य (अणुक्रमांक ५६) निसर्गात मुख्यतः ह्याच रूपात, बराइट ह्या खनिजाच्या स्वरूपात, आढळते. आंध्र प्रदेशातील मंगमपेट येथील बराइटाचे साठे जगातील फार मोठ्या साठ्यांपैकी आहेत. अर्थात त्यातील बहुतेक खनिज तेलविहिरी खोदण्याच्या कामी जाते, औषधी उपयोगाचा वाटा नगण्य असतो.

बेरियम सल्फेटाची सुरक्षितता अशा रीतीने सर्वस्वी त्याच्या शुद्धतेवर अवलंबून आहे. आरंभीच्या काळात सल्फेटाऐवजी सल्फाइड किंवा कार्बोनेट दिले गेल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना घडल्या. सल्फेट व सल्फाइड ह्या दोन नावांत फरक केवळ शेवटच्या अक्षरांचा आणि परिणामांत जीवनमरणाचा आहे. कार्बोनेट तर जठरातील अम्लात सहज विरघळते. विद्राव्य बेरियम रक्तात गेले, की रक्तद्रवातील पोटॅशियम झपाट्याने घटते, स्नायू लुळे पडतात व हृदयाचे ठोके अनियमित होऊन ते बंद पडू शकते. म्हणून औषधिकोशांत बेरियम सल्फेटासाठी विद्राव्य लवणांच्या अभावाची कसोटी घालण्यात आली व औषधपत्रावर त्याचे नाव संक्षेप न करता पूर्ण लिहिण्याचा दंडक पडला. हा धोका जुन्या काळाबरोबर संपला असे मात्र म्हणता येत नाही. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये बेरियम कार्बोनेट मिसळलेले सदोष निलंबन बाजारात आले आणि ते प्यालेल्यांपैकी वीसहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. शंभर वर्षांपूर्वी ज्ञात झालेले रसायनशास्त्र माहीत नसल्यामुळे हे घडले नाही. निर्मिती व तपासणी ह्यांतील हयगयीमुळे घडले. मान्यताप्राप्त उत्पादकाचे, मोहोरबंद व मुदतीतील बेरियमच वापरले जावे, हा आग्रह रुग्णाने धरल्यास तो अनाठायी म्हणता येणार नाही.

छायाद्रव्याचा प्रश्न सुटल्यावर छायांचा अर्थ लावण्याचा प्रश्न पुढे आला. ह्या बाबतीत व्हिएन्ना येथील गिडो होल्ट्सक्नेख्ट (१८७२–१९३१) व त्यांचे सहकारी अग्रेसर होते. त्यांच्यापैकी मार्टिन हाउडेक (१८८०–१९३१) ह्यांनी १९१० मध्ये जठराच्या कडेबाहेर डोकावणारा बेरियमाचा लहानसा कोनाडा हे जठरव्रणाचे प्रत्यक्ष चिन्ह असल्याचे दाखविले. व्रणाच्या खळग्यात शिरलेले छायाद्रव्यच तेथे दिसत असते. तोपर्यंत व्रणाचे निदान वेदनेचे स्वरूप, वांती व जठररसाचे परीक्षण ह्यांवरून बरेचसे अनुमानानेच होत असे. स्वीडनमधील यस्ता फॉर्सेल (१८७६–१९५०) ह्यांनी श्लेष्मकलेच्या (आतील अस्तराच्या) वळ्यांचा, तर ऑके ऑकरलुंड ह्यांनी ग्रहणीच्या व्रणांचा सखोल अभ्यास केला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील रसेल कार्मन (१८७५–१९२६) ह्यांनी १९२१ मध्ये व्रणयुक्त जठरकर्करोगाचे चंद्रकोरीसारखे चिन्ह वर्णिले. पाच वर्षांनी कार्मन ह्यांचा जठराच्या कर्करोगानेच अंत झाला. स्वतःच्या जठराची क्ष-किरण चित्रे पाहून त्यांनी आपल्या रोगाचे निदान ओळखले, असे सांगतात.

नव्या साधनाने नवे भ्रमही निर्माण केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रांट्स ग्लेनार ह्या फ्रेंच वैद्याने उदरातील इंद्रिये खाली घसरल्याने अशक्तपणा, अपचन व मनोदौर्बल्य येते अशी उपपत्ती मांडली होती. उभ्या स्थितीतील बेरियम चित्रांत अनेकांचे जठर बेंबीच्या बरेच खाली लोंबताना दिसू लागले, तेव्हा ह्या ‘जठरच्युती’ला जणू प्रत्यक्ष पुरावाच मिळाला. कोणी पट्टे बांधले, तर कोणी शस्त्रक्रिया करून जठर वर टाकून शिवले. शवविच्छेदन-मेजावर आडव्या पडलेल्या प्रेतांवरून ठरविलेले जठराचे ‘योग्य’ स्थान आणि उभ्या, चालत्याबोलत्या माणसातील स्थान ह्यांत फरक असणारच, हे ध्यानात येण्यास वेळ लागला. १९२३ मध्ये अमेरिकेत ६०० निरोगी प्रौढांच्या क्ष-किरण पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सडपातळ व निरोगी माणसांचे जठर अनेकदा इंग्रजी ‘जे’ ह्या अक्षरासारखे लांब असून ओटीपोटापर्यंत पोहोचते व त्यांना त्याचा काहीच त्रास नसतो, असे त्यांतून दिसून आले. ह्या शस्त्रक्रिया त्यानंतर मागे पडल्या. निरोगी माणसे कशी दिसतात हे आधी पुरेसे न पाहता रोग्यांच्या चित्रांवरून रोग ठरविल्यास काय होते, ह्याचे हे बोलके उदाहरण आहे. चित्रातील प्रत्येक वेगळेपण म्हणजे आजार नव्हे. अहवालातील ‘लांबट जठर’ असल्या शब्दांनी घाबरून जाणारे रुग्ण आजही भेटतात, म्हणून हा तपशील दिला आहे.

प्रारंभीच्या तपासण्या काळोख्या खोलीत होत. पडद्यावरील प्रकाश इतका मंद असे, की तज्ज्ञाला आपले डोळे वीस-तीस मिनिटे अंधाराला सरावून घ्यावे लागत. १९१६ मध्ये व्हिल्हेल्म ट्रेंडेलेनबर्ग ह्या जर्मन शरीरक्रियावैज्ञानिकाने सुचविलेला लाल काचांचा चष्मा घालून ते मधल्या वेळात उजेडात वावरत. पडदा तज्ज्ञाच्या तोंडासमोर व रुग्ण पडद्यापलीकडे अशा रचनेत किरणांचा मारा तज्ज्ञाच्या हातांवर व चेहऱ्यावर रोज होई. होल्ट्सक्नेख्ट ह्यांची बोटे व पुढे हात कापावा लागला आणि १९३१ मध्ये ते मरण पावले. कॅनन ह्यांना उत्तरायुष्यात जडलेल्या दुर्धर त्वचाविकाराचा संबंधही त्यांच्या तरुणपणीच्या प्रयोगांशी जोडला जातो. हँबर्ग येथे १९३६ मध्ये उभारलेल्या क्ष-किरण हुतात्म्यांच्या स्मारकावर अशी दीडशेहून अधिक नावे प्रथम कोरण्यात आली. १९५० नंतर प्रतिमा-तीव्रक (पडद्यावरील प्रतिमा हजारो पटींनी उजळ करणारे साधन) व त्याला जोडलेला दूरचित्रवाणी-संच आल्यावर काळोखी खोली संपली आणि रुग्ण व तज्ज्ञ दोघांना बसणारी किरणांची मात्राही उतरली.

तंत्राचा कळस जपानमध्ये गाठला गेला. तेथे जठराच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असल्याने तो प्रारंभिक अवस्थेत ओळखणे निकडीचे होते. जठर बेरियमाने काठोकाठ भरले, तर कडेचे फेरफार दिसतात. परंतु भिंतीच्या अस्तरावरील अल्प उंचवटे अथवा उथळ खळगे दाट छायेत लपतात. १९५० नंतरच्या दशकात हिकोओ शिराकाबे, हेइझाबुरो इचिकावा प्रभृतींनी बेरियमाचा पातळ थर व वायू ह्या दोहोंचा एकत्र वापर करणारी द्विछायाभेद पद्धत विकसित केली. तीत जठर वायूने फुगविले जाते व रुग्णाला कुशीवर वळवून बेरियमाचा लेप सर्व भिंतींवर पसरविला जातो. मग काही मिलिमीटर आकाराचे फेरफारही रांगोळीच्या रेघांप्रमाणे उमटतात. १९६० मध्ये मियागी प्रांतात क्ष-किरण यंत्र बसविलेल्या मोटारगाडीतून गावोगाव तपासणी सुरू झाली व १९८३ पासून ती वृद्धांच्या आरोग्यसेवेविषयीच्या कायद्यान्वये राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनली. २०१६ पासून मात्र तेथेही अंतर्दर्शनाला तिच्या बरोबरीचे स्थान देण्यात आले आहे.

भारतात भाताच्या प्रदेशांत, विशेषतः दक्षिणेकडे, ग्रहणीव्रणाचे प्रमाण मोठे होते. व्रण वारंवार भरून आल्याने ग्रहणीचा आरंभीचा, एरवी टोपीसारखा दिसणारा भाग आक्रसून वेडावाकडा होई, कधी जठरनिर्गम बंद होऊन आदल्या दिवशीचे बेरियम दुसऱ्या दिवशीही जठरात तसेच साचलेले दिसे. अशा चित्रावर शस्त्रक्रियेचा निर्णय होत असे. लहान आतडे व मोठे आतडे ह्यांच्या संधिस्थानी होणारा क्षय हा आपल्याकडचा आणखी एक नेहमीचा रोग. तो ओळखण्यासाठी बेरियम पुढे सरकताना काही तासांनी पुन्हा चित्रे घेण्याची पद्धत होती व अजूनही काही ठिकाणी आहे.

ह्या तपासणीची पीछेहाट दोन दिशांनी झाली. १९५४ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स व पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी ह्यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते हे दाखविले; १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्स ह्यांनी त्या तत्त्वावर लवचिक जठरदर्शक तयार केला. छायेऐवजी प्रत्यक्ष अस्तर डोळ्यांनी पाहणे व संशयास्पद जागेचा तुकडा काढून घेणे त्यामुळे शक्य झाले. दुसरीकडे व्रणच कमी झाले. जठरातील अम्लनिर्मिती रोखणारे सिमेटिडीन १९७६ मध्ये प्रचारात आले, तर ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल ह्यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा सूक्ष्मजंतू बहुतेक व्रणांच्या मुळाशी असल्याचे सिद्ध केले व २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या रोगाच्या शोधार्थ बेरियम सर्वाधिक वापरले जाई, तो आठवडा-दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी बरा होऊ लागला.

सध्याचे उपयोग : अंतर्दर्शक रचना दाखवितो, गती दाखविण्यात तो तोकडा पडतो. गिळताना घास अडकणे, पक्षाघातानंतर अन्न श्वासमार्गात जाणे, ग्रसिकेचे खालचे तोंड न उघडण्याचा विकार (यात बेरियमाची छाया पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती होते), जठराचा भाग मध्यपटलातून छातीत सरकणे इत्यादींमध्ये बेरियमाचा प्रवास पाहणे उद्‌बोधक ठरते. जठरावरील शस्त्रक्रियेनंतर जोड गळत नाही ना, हे पाहण्यासाठी प्रथम जलविद्राव्य आयोडीनयुक्त छायाद्रव्य देतात. हिरवी वांती होणाऱ्या तान्ह्या मुलात आतड्याला पीळ पडण्याचा धोका ओळखण्यासाठी ग्रहणीचे वळण कण्याच्या डाव्या बाजूला येते की नाही हे पाहणे तातडीचे असते आणि त्याकरिता ही तपासणी अजून प्रमाण मानली जाते.

रुग्णासाठी माहिती : तपासणीपूर्वी साधारणतः मध्यरात्रीपासून, निदान सहा तास तरी, काही खाऊपिऊ नये, कारण अन्नाचा कण अर्बुदासारखा (गाठीसारखा) दिसून दिशाभूल करू शकतो. विडी, तंबाखू व पानही वर्ज्य; त्यांनी लाळ व जठररस वाढून बेरियमाचा लेप नीट बसत नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपाशी राहण्याविषयी आधी विचारून घ्यावे. गर्भधारणेची शक्यता असल्यास ती सांगणे अत्यावश्यक आहे. काचबिंदू, हृदयविकार, पूर्वीची शस्त्रक्रिया व पूर्वी छायाद्रव्याची आलेली प्रतिक्रिया ह्यांचीही माहिती द्यावी, कारण जठर शिथिल करण्यासाठी दिले जाणारे अंतःक्षेपण काहींना वर्ज्य असते.

द्विछायाभेद पद्धतीत आधी फसफसणारी पूड थोड्या पाण्याबरोबर देतात. तिच्यामुळे पोट फुगल्यासारखे वाटते व ढेकर येऊ पाहतो. तो शक्यतो आवरावा, कारण वायू गेल्यास चित्र बिघडते. बेरियमाची चव खडूच्या पाण्यासारखी असते, दुखत मात्र काही नाही. मेज उभे-आडवे केले जाते, रुग्णाला कुशीवर, पालथे व उताणे व्हावे लागते आणि क्षणभर श्वास रोखून धरावा लागतो. हे सर्व अर्ध्या तासाच्या आत आटोपते.

मिळणारी प्रारण-मात्रा यंत्र व तपासणीचा काळ ह्यांवर अवलंबून असून ती साधारणतः २ ते ६ मिलिसीव्हर्ट असते. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २·४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळतच असते. त्या मानाने ही मात्रा मोठी नाही, पण कारणाशिवाय वारंवार घ्यावी इतकी क्षुल्लकही नाही. जुनी चित्रे जपून ठेवून दाखविल्यास काही वेळा नवी तपासणी टळते.

पचनमार्गाला छिद्र पडल्याचा संशय असेल, तर बेरियम देत नाहीत. उदराच्या पोकळीत सांडलेले बेरियम तीव्र दाह निर्माण करते व तेथून काढणे कठीण जाते. मोठ्या आतड्यात अडथळा असल्यासही ते तोंडाने देऊ नये, कारण पाणी शोषले जाऊन त्याचा खडा होतो. उलट ज्याचे अन्न श्वासनलिकेत जाण्याचा संभव आहे त्याला संहत आयोडीनयुक्त द्रव्य घातक ठरते; ते फुप्फुसात गेले तर तेथे पाणी साचते. कोणते द्रव्य द्यावे ह्याचा निर्णय म्हणून तज्ज्ञावरच सोपवावा लागतो, मात्र गिळताना ठसका लागतो ही गोष्ट त्याला सांगणे रुग्णाच्याच हाती आहे.

ह्या तपासणीत ऊतकाचा नमुना मिळत नाही आणि अस्तरावरील अगदी उथळ दोष निसटू शकतात. वजन घटत असेल, घास अडकत असेल, शौच डांबरासारखी काळी होत असेल किंवा रक्तक्षय असेल, तर बेरियम चित्रे निर्दोष असली तरी अंतर्दर्शन करून घेणे जरूर असते. चित्रांत जठरव्रण दिसला, तर तोही अंतर्दर्शनाने व ऊतकपरीक्षेने तपासून पाहतात, कारण साधा व्रण व कर्करोगाचा व्रण ह्यांतील भेद छायेवरून नेहमीच निश्चित होत नाही.

तपासणी संपल्यावर नेहमीचा आहार घेण्यास हरकत नसते. एक-दोन दिवस शौच पांढरी होते. ती काळजीची गोष्ट नव्हे. भरपूर पाणी प्यावे, अन्यथा मलावरोध होतो. वृद्धांना व आधीच मलावरोध असणाऱ्यांना सौम्य रेचक देतात. तीन दिवसांनंतरही शौच न झाल्यास किंवा पोट फुगून दुखू लागल्यास वैद्याला दाखवावे. उदराचे संगणकीय छेददर्शन (सीटी स्कॅन) अथवा अंतर्दर्शन लगेचच्या दिवसांत ठरले असेल, तर ते आधी करून मग बेरियम देतात, कारण आतड्यात मागे राहिलेल्या बेरियमामुळे छेददर्शनाच्या चित्रांत पांढरे पट्टे उमटतात आणि अंतर्दर्शनात अस्तर झाकले जाते.